चांदीच्या पाण्यातलं मीठ

१

बायको, वेलिका, वारल्यावरही रादोयचा सकाळचा क्रम बदलला नव्हता. उठलं की आधी चूल पेटवायची, तिच्यावर कॉफीचं छोटं भांडं चढवायचं आणि कॉफी वर येईपर्यंत खिडकीजवळच्या टेबलावर चांदीचं पाणी लावायचं. एक काचेची बरणी, तिच्यात डिस्टिल्ड पाणी, पाण्यात बोटभर अंतर ठेवून सोडलेल्या शुद्ध चांदीच्या दोन तारा आणि तारांना जोडलेल्या चौकोनी बॅटऱ्या. बस, एवढंच सामान. शहरातल्या दुकानांत हेच कोलॉइडल सिल्व्हर अशा भारदस्त नावाने बाटलीत मिळायचं. दोल्ना क्रुशा गावात सगळे त्याला चांदीचं पाणीच म्हणत.

वेलिका ते शेळ्यांच्या डोळ्यांना लावायची, कापल्या-खरचटल्यावर लावायची, टोमॅटोच्या रोपांवर फवारायची. दवाखान्यातली डॉक्टरीण एकदा म्हणाली होती, "आजी, पिऊ मात्र नका हं. अंग निळं पडतं आणि मग काही केल्या जात नाही." त्यावर वेलिकाने तिला तिथल्या तिथे सुनावलं होतं, "मी काय शेळी आहे का, दिसेल त्यात तोंड घालायला?"

या उद्योगाची सगळी मेख पाण्यात असते. पाणी चांगलं असलं तर सुरुवातीला काहीच होत नाही, कारण निव्वळ पाण्यातून वीज जायलाच तयार नसते. अर्धी सकाळ उलटते तरी बरणी आपली तशीच. मग कधीतरी पाण्याला वाळल्या गवताचा फिकट रंग चढतो. बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन टॉर्च मारला की प्रकाशाची रेघ पाण्यातून आरपार दिसते, धुळीत उन्हाची तिरीप दिसते तशी. पण पाण्यात क्षार असले तर तारा बुडवल्या बुडवल्या धूर सुटतो. आणि मीठ असलं तर दूध सांडल्यासारखं होतं. तसलं पाणी ओतून द्यायचं.

आता शेळ्या विकल्या होत्या, रोपं लावली नव्हती. चांदीचं पाणी कुणालाच नको होतं. पण पाणी लावलं की दुपारपर्यंत कशाची तरी वाट बघता येते, म्हणून रादोय ते लावायचा.

गल्लीत धूर फक्त दोन धुराड्यांतून निघायचा, त्याच्या आणि समोरच्या नेवेनाच्या. बाकी फाटकांवर मेलेल्या माणसांचे फोटो छापलेले कागद तेवढे चिकटलेले होते. ते बदलायलाही आता कुणी येत नसे. पावसाने चेहरे धुऊन गेले होते.

२

त्या शरद ऋतूत पेट्रोलपंपावरचं डिस्टिल्ड पाणी बिघडलं. कॅन तोच, वरचा कागद तोच, पण तारा बुडवल्या की करडा धूर. रादोयने पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा मीटर बुडवून पाहिला. आकडा सरळ वर चढला. कुणीतरी नळाचं पाणी भरून विकत असणार.

व्हॅलेन्सियाहून मुलीचा, इस्क्राचा फोन आला तेव्हा त्याने ही तक्रार तिला ऐकवली.

"बाबा, त्या तारांचा नाद सोडा आणि इकडे या बघू."

"तुझ्याकडे चूल आहे का?"

"इथे थंडीच नसते. चूल कशाला हवी?"

"मग मी तरी कशाला हवा?"

इस्क्राने पुढे वाद घातला नाही. काही दिवसांनी स्पेनहून सामान आणणाऱ्या व्हॅनवाल्याने फाटकाशी एक खोकं ठेवलं. आत पाणी डिस्टिल करायचं घरगुती यंत्र होतं. स्टीलचं भांडं, झाकणात पंखा, आत गुंडाळलेली नळी आणि एका बाजूला चोच. भांड्यात पाणी उकळतं, वाफ नळीत थंड होते आणि चोचीतून थेंब थेंब खालच्या काचेच्या जगमध्ये पडते. रादोयला यात शिकण्यासारखं काही नव्हतं. दर शरदात गावच्या तांब्याच्या भट्टीवर आलुबुखारांची दारू, राकिया, काढण्यात त्याचा जन्म गेला होता.

विहिरीचं पाणी भरून त्याने यंत्र लावलं. टप्. टप्. टप्. सकाळभर तो आवाज स्वयंपाकघरात चालू राहिला. घरात आपल्याशिवाय आणखी काहीतरी आवाज करतंय, हे त्याला फार बरं वाटलं. पाणीही पहिल्या धारेचं निघालं. मीटर शून्यावरून हलला नाही. बरणीतल्या पाण्याला इतका सुंदर रंग चढला की रादोयने ती उचलून भिंतीवरच्या वेलिकाच्या फोटोसमोर धरली आणि लगेच ओशाळून खाली ठेवली.

३

पहिला बर्फ पडून गेल्यावर एका सकाळी त्याने ताज्या पाण्यात तारा सोडल्या आणि तारांभोवती पांढरा ढग उठला.

क्षाराचा करडा धूर नव्हे. पांढरा, दुधाळ. मीठ.

वाफेबरोबर मीठ वर येत नाही, एवढं रादोयला कळत होतं. म्हणजे उकळी जोरात येऊन पाणी उडालं असणार. त्याने यंत्र व्हिनेगरने उकळून काढलं, रबराची चकती बदलली, भांडं निम्मंच भरलं. परत मीठ. मग वाटलं, आपल्या हाताचा घाम असेल. हात धुऊन, नवे हातमोजे घालून त्याने सगळं पहिल्यापासून केलं. परत मीठ. शेवटी त्याने चोचीतून पडणारा थेंब बोटावर घेऊन चाखला. अगदी किंचित खारट होता. समुद्राच्या पाण्यासारखा नव्हे, सूपात पडलेल्या मिठासारखाही नव्हे. ही चव आपल्याला माहीत आहे, असं त्याला वाटलं. बराच वेळ जीभ टाळूला लावून तो उभा राहिला. मग आठवलं. वेलिकाला पुरून आल्यावर तोंडात दिवसभर हीच चव होती.

दुसऱ्या सकाळी यंत्र लावून तो लाकडं फोडायला गेला. परत आला तर टेबल ओलं झालं होतं आणि पाणी कडेवरून जमिनीवर गळत होतं. जग काठोकाठ भरून वाहत होता. भांड्यात जितकं पाणी मावतं तितकंच जगमध्ये मावतं, ते त्याने सुरुवातीलाच पाहून ठेवलं होतं. आणि त्या दिवशी भांडं त्याने निम्मंच भरलं होतं.

त्याने झाकण उघडलं. भांड्याच्या तळाशी अजून पाणी होतं.

रादोयने फडकं घेऊन टेबल पुसलं, जमीन पुसली. पुसताना तो मोठ्याने म्हणाला, "खोलीतली हवा दमट आहे. नळी गार असते. हवेतला ओलावा धरते." स्वतःचा आवाज ऐकून त्याला धीर आला. मग त्याच्या ध्यानात आलं की तो बोलत असताना चोचीतून थेंब पडले नव्हते. तो थांबला आणि ते पुन्हा सुरू झाले. टप्. टप्.

४

यंत्र बखोटीला मारून तो नेवेनाकडे गेला. नेवेना त्याच्याच वयाची. तिने दार उघडून आधी यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"म्हातारपणी बरणीशी संसार मांडलास तो मांडलास, आता सासुरवाडी म्हणून माझं घर धरलंस का?"

"तुझ्या स्वयंपाकघरात एकदा लावून बघायचंय. पाणी माझ्याच विहिरीचं आणलंय."

"लाव बाबा. नाहीतरी इथे कोण येतंय!"

दोघं पावाबरोबर भाजक्या मिरच्या खात बसले आणि यंत्र शेजारी ठिबकत राहिलं. जितकं पाणी ओतलं होतं त्याहून थोडं कमीच बाहेर आलं. मीटर शून्यावर. तारा सोडल्या, दुपार झाली, पाणी गवताच्या रंगाचं. एक ढग नाही. रादोय त्या बरणीकडे बघतच राहिला.

"झालं ना मनासारखं? मग तोंड असं का?" नेवेनाने विचारलं.

त्याने सांगितलं. मीठ, भरून वाहिलेला जग, सगळं. थेंब थांबण्याचं मात्र सांगितलं नाही.

नेवेना हसली नाही. तिने खिडकीतून समोर त्याच्या घराकडे पाहिलं. "तुझ्या काचा परत धुरकटायला लागल्यात, ते तुला दिसलं का?"

"चूल असते ना दिवसभर."

"चूल गेल्या हिवाळ्यातही होती. गेल्या हिवाळ्यात काचा कोरड्या ठणठणीत होत्या. मी रोज सकाळी बघायचे, तू आत हलतोयस की नाही ते. एका माणसाच्या श्वासाने काचा भिजत नाहीत, रादोय. मला विचार. माझा माणूस गेल्यापासून माझ्या कोरड्याच आहेत."

रादोय घरी आला. बाहेरून पाहिलं. स्वयंपाकघराच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या, पार खालपर्यंत. त्यांच्यावरून पाण्याचे ओघळ आले होते. वेलिका असताना येत तसे.

तो बराच वेळ बर्फात उभा होता. त्याला भीती वाटायला हवी होती. पण आत जाताना त्याने बूट दाराशी काढले, जे तो वेलिका गेल्यापासून कधीच काढत नव्हता.

५

त्यानंतरचे दिवस रादोयचे सुखात गेले, असंच म्हणायला हवं.

तो दोन पेले कॉफी ओतायचा. दुसरा खिडकीजवळच्या खुर्चीपुढे ठेवायचा. चांदीच्या तारा त्याने काढून ठेवल्या नाहीत, उलट रोज लावायचा, कारण पाणी पांढरं झालं की वेलिका घरातच आहे, हे त्याला हवं ते उत्तर मिळायचं. पूर्वी वाईट पाण्याला तो शिव्या घालायचा. आता ढग उठायला उशीर झाला तर त्याचाच जीव वरखाली होई.

आणि तो बोलायचा. बर्फाबद्दल, भाकरीसारख्या कडक झालेल्या पावाबद्दल, आलुबुखाराच्या झाडाची एक फांदी मोडली त्याबद्दल, इस्क्राबद्दल. तो बोलायला लागला की थेंब थांबायचे. बोलणं संपलं की एक मोठा थेंब पडायचा आणि मग संथ ठिबकणं सुरू. नेवेनाकडे जाणं सुटलं. इस्क्राचा फोन तो दोन वाक्यांत संपवू लागला.

"बाबा, बरे आहात ना? इतके खुशीत कसे काय?"

"मग काय रडू?"

"मी नाताळानंतर येते तुम्हाला न्यायला."

"बघू, बघू," म्हणत त्याने फोन ठेवला आणि खुर्चीकडे वळून तो हसला. "ऐकलंस? न्यायला येतेय म्हणे."

थेंब पडत नव्हते.

एका दुपारी तो रंगात आला होता. चुलीजवळ उभा राहून लग्नाच्या दिवसाची गोष्ट सांगू लागला. ओढ्याला पूर आला होता, वऱ्हाड अलीकडे अडकलं होतं आणि त्याने नवरीला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे नेलं होतं. ही गोष्ट तो चाळीस वर्षं अशीच सांगत आला होता. आणि चाळीस वर्षांत ती एकदाही पूर्ण झाली नव्हती, कारण ओढ्याशी आलं की वेलिका ओरडायची, "खोटारड्या! ट्रॅक्टर मी हाकला, आणि तू मागे डोळे मिटून बसला होतास!"

तो ओढ्याशी आला. जरा थांबला. गालातल्या गालात हसत वाट पाहिली.

स्वयंपाकघरात काही हललं नाही. यंत्रात पाणी उकळत असून चोच कोरडी होती. त्याने नवरीला खांद्यावर घेतलं. पाण्यात पाय घातला. पलीकडे पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्ट संपली. मग एक मोठा थेंब पडला.

 वेलिकाने त्याचं बोलणं इतक्या निमूटपणे जन्मात कधी ऐकून घेतलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. बाहेरच्या बर्फावरून उजेड उसळून स्वयंपाकघराच्या छतापर्यंत भरला होता. रादोय रात्रभर नीट झोपला नव्हता, पण दिवसाउजेडी त्याला आपली लाज वाटली. गोष्ट खोटी आहे हे मेल्यावर कोण कशाला सांगेल, असं म्हणत त्याने सवयीने यंत्र लावलं, कॉफी ओतली आणि टेबलाशी बसला. कालची बरणी तशीच उन्हात राहिली होती.

बरणीतला दुधाळ ढग खाली बसला होता आणि आतल्या काचेवर चांदीचा थर चढला होता. अगदी आरशासारखा. असं होतं कधी कधी, त्याने स्वतःला समजावलं. बरणी पूर्वी मधाची होती. काठाशी साखर राहिली असेल. गोडाने चांदी काचेला धरते.

तिच्यातलं पाणी बाहेर ओतून द्यायला ती उचलून तो दाराकडे वळला. धीर यावा म्हणून तो बोलू लागला. "आज ऊन पडलंय. छपरावरचा बर्फ उतरेल. गटार आधी साफ करायला हवं..."

बरणीच्या फुगीर पोटात त्याला आपलं नाक मोठं झालेलं दिसलं, आणि आपल्या पाठीमागचं स्वयंपाकघर लहान, वाकडं. चूल. खिडकी. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला यंत्र. आणि यंत्रावर कुणीतरी ओणवं झालेलं.

पाठ रुंद होती. वेलिकाच्या दुप्पट. केस ओले, मानेला चिकटलेले. चोचीला तोंड लावून ते इतकं वाकलं होतं की खांदे कानांच्या वर आले होते. पाणी पीत होतं की पाण्यात काही सोडत होतं, ते कळत नव्हतं.

रादोयचं तोंड चालूच होतं, कारण थांबायचं कसं ते त्याला सुचेना. "...गटार साफ करायला हवं, शिडी नेवेनाकडे आहे, तिच्याकडून शिडी..."

बरणीतल्याने चोच सोडली. मान वर केली. चेहरा नीट दिसण्याएवढा तो आरसा चांगला नव्हता, आणि रादोय त्याबद्दल पुढे नेहमी देवाचे आभार मानत असे. पण तोंड दिसलं. ते हलत होतं. रादोयच्या शब्दांच्या मागोमाग, किंचित उशिराने, ते ओठ तेच आकार करून बघत होते. गटार. शिडी. नेवेना.

रादोय गप्प झाला. ते ओठ आणखी एक शब्द हलले आणि मग थांबले.

त्याने बरणी खाली ठेवली. फार हळू ठेवली, आवाज होऊ नये म्हणून. मागे वळला नाही. दार हातभर अंतरावर होतं. तो मोज्यांवरच बाहेर पडला आणि बर्फातून गल्ली ओलांडून गेला.

७

नेवेनाने त्याचे ओले मोजे काढले, पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळले आणि लिंडनच्या फुलांचा चहा हातात दिला.  मग म्हणाली, "कोण होतं?"

"ती नव्हती," रादोय म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला.

त्याचा कोट आणि बूट तिने जाऊन आणले. चूल विझवली, यंत्राचा प्लग काढला, कुलूप लावलं. "कुणी नाही रे आत," परत येऊन ती म्हणाली. "टेबल ओलं आहे तेवढं." इस्क्रा नाताळाची वाट न बघता आली. बापाने यायला एका शब्दाने नकार दिला नाही, याचंच तिला जास्त भय वाटलं.

निघताना रादोय नेवेनाला म्हणाला, "तू पण चल."

"व्हॅलेन्सियाला? मी?" ती हसली. "माझ्या कोंबड्या तिथली भाषा कशी शिकणार?"

व्हॅलेन्सियात इस्क्राचं घर चौथ्या मजल्यावर होतं. बापाचा वेळ जावा म्हणून तिने त्याला नव्या तारा आणून दिल्या, दुकानातलं डिस्टिल्ड पाणी आणून दिलं. पाणी उत्तम होतं. सकाळभर बरणी स्वच्छ राहिली. तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. रादोय तिच्यापुढे बसून राहिला, आणि वेलिका गेली हे त्याला त्या दिवशी खरं कळलं. संध्याकाळी त्याने तारा पुसून खोक्यात घातल्या. पुन्हा लावल्या नाहीत.

फेब्रुवारीत नेवेनाचा फोन आला.

"रादोय, तू गावात आलायस का?"

"मी? नाही. का गं?"

 ती म्हणाली, "नाही, मला वाटलंच ते. काचा परत धुरकटल्यात तुझ्या. आणि आतून बोलणं ऐकू येतं. दुपारचं. फाटकाशी उभं राहिलं की नीट ऐकू येतं."

"कोण बोलतं?"

"तू बोलतोस," नेवेना म्हणाली. "तुझाच आवाज आहे. बर्फ पडला म्हणतोस. पाव कडक झाला म्हणतोस. मला हाकही मारतोस, शिडी मागतोस. एक वाक्य बोलतोस आणि थांबतोस. कुणी काही म्हणेल म्हणून वाट बघतोस. कुणी काही म्हणत नाही. मग परत तेच वाक्य पहिल्यापासून."

 "नेवेना, ऐक माझं. तिकडे जाऊ नकोस. आणि काहीही झालं तरी त्याला ओ देऊ नकोस."

फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता.

"नेवेना?"

"अरे, सगळ्या गल्लीत दुसरा माणसाचा आवाज नाही," ती हळूच म्हणाली. "काल मी 'हो' म्हटलं."